निद्रेचा शीण

आमच्या धाराशिव जिल्ह्यांत, म्हणजे २०२३ सालापर्यंत सरकारी कागदांत ज्यास उस्मानाबाद म्हणत त्या जिल्ह्यांत, निद्रेस मोठा मान आहे. तुळजापूरची श्रीभवानी वर्षांतून तीन वेळां सिंहासनावरून उतरून पलंगावर निद्रा घेते, हें ज्या घरांची ती कुलस्वामिनी आहे त्या सर्वांस ठाऊक आहे. शारदीय नवरात्रापूर्वीं भाद्रपदाच्या अखेरीस असते ती घोरनिद्रा. दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत असते ती श्रमनिद्रा. आणि पौषांत शाकंभरी नवरात्रापूर्वीं असते ती मोहनिद्रा. महिषासुराशीं झुंजून थकलेली देवी विसांवा घेते, अशी श्रमनिद्रेमागची लोकांची भावना आहे.

श्रमनिद्रा ह्या शब्दांत एक क्रम गृहीत धरलेला आहे. आधीं श्रम, त्यामागून निद्रा, आणि निद्रेनें श्रमाचा परिहार. सृष्टीचा हाच नियम आहे असें आपण समजून चालतों. परंतु कांहीं माणसांच्या बाबतींत हा क्रम उलटतो. तीं रात्रीं दहा वाजतां अंथरुणाला पाठ टेकतात, सकाळीं सहा वाजतां उठतात, आणि उठतांनाच थकलेलीं असतात. देवी श्रमांनंतर निजते. ह्यांना निजल्यानंतर श्रम होतात. ह्या महिन्यांत आम्ही ह्या निद्रेच्या शिणाविषयीं लिहिण्याचें योजिलें आहे. कारण त्याचें मूळ पुष्कळ वेळां रात्रींच्या श्वासांत असतें, आणि तें हुडकून काढण्याचें पहिलें साधन घरांतल्या घरांत, शेजारच्या अंथरुणावर असतें.

अशा थकलेल्या माणसासाठीं आपल्याकडे तीन उत्तरें ठरलेलीं आहेत. तो तरुण असला तर आळशी म्हणावयाचें. मध्यम वयाचा असला तर कामाचा ताण म्हणावयाचा. आणि साठी उलटलेली असली तर ‘आतां वय झालें’ असें म्हणून मोकळें व्हावयाचें. हीं तिन्ही उत्तरें देणाऱ्यास सोपीं आणि घेणाऱ्यास निरुपयोगी आहेत. वयानें माणूस मंद होतो हें खरें. पण सकाळची पूजा आटोपून वर्तमानपत्र हातीं घेतांच मान छातीवर पडावी, नातवास पाढे सांगतां सांगतां आपलाच आवाज बंद व्हावा, एस. टी. सुटण्यापूर्वींच डोळा लागावा, एवढें सारें वयाच्या माथीं मारणें न्याय्य नव्हे.

आतां घोरण्याकडे वळूं. घोरणाऱ्या माणसाची थट्टा ही आपल्या एकत्र कुटुंबांतील जुनी करमणूक आहे. लग्नकार्यांत जानवशाच्या घरीं पंधरा-वीस मंडळी एका ओळीनें निजलीं, म्हणजे दुसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं रात्रीं कोणाचा चौघडा झडत होता ह्याची चर्चा व्हावयाचीच. त्या चर्चेचा शेवटहि ठरलेला असतो. कोणीतरी वडीलधारें माणूस कौतुकानें म्हणतें, ‘कांहीं म्हणा, नानांना झोप मात्र गाढ लागते हो !’ येथेंच सगळा घोटाळा आहे. मोठ्यानें घोरणारा माणूस गाढ झोपलेला असतो, ही समजूत जितकी सार्वत्रिक तितकीच फसवी आहे.

घोरणें म्हणजे काय हें पाहूं. आपण जागे असतों तेव्हां घशाच्या स्नायूंत एक ताण असतो व त्यामुळें श्वासाची वाट उघडी राहते. झोप लागली कीं सर्व अंगाबरोबर हे स्नायूहि सैल पडतात. जीभ मागें कलते, पडजिभेलगतचा मऊ टाळू खालीं येतो आणि वाट अरुंद होते. जुन्या वाड्याच्या मिटलेल्या दाराच्या फटींतून वारा शिरतांना फडताळाचीं दारें जशीं थरथरतात, तसा त्या अरुंद वाटेंतून जाणारा वारा मऊ कडांना थरथरवितो. तोच हा आवाज. येथवर फारसें कांहीं बिघडलेलें नसतें. परंतु कांहीं माणसांत ती वाट पुरतीच मिटते. मग आवाज एकाएकीं थांबतो. छाती व पोट श्वास ओढण्याची धडपड करीत असतात, पण वारा आंत जात नाहीं. दहा सेकंद जातात, वीस जातात, कधीं त्याहून अधिक. रक्तांतील प्राणवायु उतरूं लागतो. अखेर मेंदू त्या झोपलेल्यास निमिषमात्र जागें करतो. घशाचे स्नायु ताठ होतात, मोठा आचका देऊन श्वास पुन्हां सुरू होतो, आणि माणूस कुशीवर वळून परत झोपीं जातो. ह्या जागें होण्याची त्यास सकाळीं तिळमात्र आठवण नसते.

श्वास असा दहा सेकंद वा अधिक काळ अडणें, किंवा पुरता न अडतां फार क्षीण होणें, हें तासांत पांचांहून कमी वेळां घडलें तर वैद्य तें रोगांत गणीत नाहींत. पांच ते पंधरा वेळां घडलें तर सौम्य, पंधरा ते तीस वेळां घडलें तर मध्यम, आणि तीस किंवा अधिक वेळां घडलें तर तीव्र अशी प्रतवारी आहे. तीव्र रोग्याचा हिशेब करून पाहावा. तासांस तीस म्हणजे दर दोन मिनिटांस एकदां. आठ तासांच्या झोपेंत अडीचशेंच्या आसपास वेळां ज्याची मान कोणी हलवून जागें केलें, त्यास सकाळीं ताजेंतवानें वाटेल कसें? त्याची झोप लांबीनें पुरी असते, वीण मात्र जागोजाग उसवलेली असते. घरच्यांनीं भ्यावयाचें तें घोरण्याच्या आवाजाला नव्हे. तो आवाज मध्येंच थांबतो त्या शांततेला.

ह्या व्याधीस इंग्रजी वैद्यकांत ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. ॲप्निया हा शब्द मुळांत ग्रीक. त्यांतील आरंभींचा ‘अ’ हा आपल्या संस्कृतांतील अभावदर्शक ‘अ’चाच सख्खा भाऊ असून ‘श्वासाचा अभाव’ एवढाच त्याचा अर्थ आहे. निद्राश्वासरोध असें आपण त्यास खुशाल म्हणावें. नांव नवें असलें तरी आपल्या पूर्वजांच्या नजरेंतून हा प्रकार अगदींच सुटला होता असें दिसत नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य ह्यांस शरीराचे उपस्तंभ म्हटलें आहे हें सर्वश्रुत आहे. पण त्याच स्थानाच्या एकविसाव्या अध्यायांत अतिस्थूल माणसाचें व निद्रेचें विवेचन एकाच ठिकाणीं केलेलें आहे, इकडे सहसा लक्ष जात नाहीं. सुश्रुतानें तर मेद वाढलेल्या माणसाच्या पीडा मोजतांना थोडक्यांत लागणारी धांप, तहान, अतिनिद्रा, अंगाची ग्लानि ह्यांच्या पंक्तीस ‘क्रथन’ नांवाची एक पीडा सांगितली आहे. माधवनिदानांतहि मेदोरोगाच्या प्रकरणीं ती आलेली आहे, आणि टीकाकार तिचा अर्थ श्वासाचा अकस्मात् होणारा अवरोध असा करतात. ह्यावरून आपल्याकडे सारें कांहीं आधींच ठाऊक होतें असा डांगोरा पिटण्याची आमची इच्छा नाहीं. लक्षण दिसणें ही एक गोष्ट आणि कारण उमगणें ही दुसरी.

पाश्चात्यांकडेहि आधीं लक्षणच दिसलें, आणि तेंहि एका कादंबरीकारास. डिकन्सच्या १८३६–३७ सालच्या ‘पिक्विक पेपर्स’ मध्यें जो नांवाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे; तो पंक्तीस वाढतां वाढतां उभ्यानेंच घोरतो. १९५६ सालीं अमेरिकेंतील डॉक्टरांनीं अतिलठ्ठ व सदा पेंगणाऱ्या रोग्यांच्या एका विकारास त्या कादंबरीचेंच नांव दिलें. पुढें १९६५ सालीं फ्रान्स व जर्मनी ह्या दोन्ही देशांत संशोधकांनीं झोपलेल्या रोग्यांचा श्वास रात्रभर यंत्रावर नोंदला, तेव्हां तो पुनःपुन्हां अडतो हें प्रत्यक्ष दिसलें. आणि १९७६ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथें गिल्मिनो ह्यांनीं ह्या लक्षणसमूहास आजचें नांव दिलें. म्हणजे मनुष्य घोरूं लागल्यास हजारों वर्षें झालीं, पण हा रोग नीट ओळखला जाऊन पुरें शतकहि लोटलेलें नाहीं.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. थकवा आणि झोंप ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. अंगांत त्राण नसणें हा थकवा. बसल्या जागीं डोळा लागणें ही झोंप. प्रत्येक थकव्याचें कारण घशांत शोधूं नये. रक्त कमी असणें, थायरॉईड ग्रंथीचें मांद्य, मधुमेह, मनाची दीर्घकाळची उदासीनता, कांहीं औषधांचा परिणाम, ह्यांपैकीं कशानेंहि माणूस गळून जातो. आणि आपल्यासारख्या शाकाहारी घरांत बी-१२ ह्या जीवनसत्त्वाची उणीव हें एक कारण वारंवार आढळतें. तेव्हां साधी रक्ततपासणी आधीं; बाकीचे तर्क मागून.

ह्याच क्रमानें आमचाहि प्रवास चालू आहे, म्हणून दोन शब्द स्वतःविषयीं लिहितों. वर्ष-दीड वर्षापासून आमचा दिवस सकाळींच मावळल्यासारखा वाटतो. उठतांना डोकें जड, तोंड कोरडें. रात्रीं तीन-तीन वेळां लघवीस उठणें. रक्तदाबाची एक गोळी होती तिच्या दोन झाल्या तरी पारा उतरेना. गांवांतील आमच्या नेहमींच्या डॉक्टरांनीं रक्त तपासलें. बी-१२ किंचित् कमी निघालें, त्याचीं इंजेक्शनें झालीं, आणि शीण रुपयांत दोन आणे तेवढा कमी झाला. तेव्हां त्यांनीं विचारलें, “गुरुजी, आपण झोपेंत घोरतां काय ?” आम्ही म्हणालों, “तें आम्हांस कसें ठाऊक असणार ?” ते हंसून म्हणाले, “मग ज्यांना ठाऊक आहे त्यांना आंत बोलवा.” सौभाग्यवती बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्या आंत आल्या आणि डॉक्टरांचा प्रश्न ऐकून क्षणभर आमच्याकडे पाहून म्हणाल्या, “घोरतात त्याचें कांहीं नाहीं, मध्येंच थांबतात. थांबले कीं मी मनांत रामनाम मोजतें. कधीं पंधराला सुरू होतात, कधीं विसाला. त्याच्या पुढें गेलें कीं मी ह्यांच्या दंडाला हात लावतें.”

“हें किती दिवसांपासून ?” डॉक्टरांनीं विचारलें.

“ह्यांच्या निवृत्तीच्या आधींपासून.”

रोग आमच्या झोपेंत होता कीं नव्हता तें तपासणींत ठरेल; ती येत्या पंधरवड्यांत सोलापुरास व्हावयाची आहे. परंतु जागरण मात्र तिकडे चाललें होतें हें त्या खोलींत निश्चित ठरलें. आम्हांस आमची झोंप मोडल्याची आठवण नाहीं. त्यांस त्यांच्या झोपेची आठवण उरलेली नाहीं. आणि इतक्या वर्षांत हें बोलल्या कां नाहीं, असें वाटेंत विचारलें तेव्हां उत्तर आलें, “झोपेंतलें कोणाचें काय सांगायचें ? बरें दिसतें का तें ?”

‘बरें दिसतें का तें’ ह्या चार शब्दांतच आजच्या लेखाचें मर्म आहे. हा असा रोग आहे कीं ज्यास तो होतो तोच त्याचा साक्षीदार होऊं शकत नाहीं. पोट दुखलें तर रोगी स्वतः सांगतो. ह्या व्याधींत रोग्यास विचारून उपयोग नाहीं. साक्ष असते ती पत्नीची, पतीची, पलीकडच्या खोलींतील सुनेची, आजोबांच्या कुशींत निजणाऱ्या नातवाची. आणि आपल्या घरांतील मर्यादा अशी कीं नेमक्या ह्याच माणसांनीं बोलूं नये. पत्नीस तें पतीचें उणें काढल्यासारखें वाटतें. सुनेस तर सासऱ्याच्या झोपेविषयीं बोलणें हा अविनयच वाटतो. आणि नातवानें सांगितलें तर सारे हंसून घालवितात.

कळंब तालुक्यांतून आमच्या एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे, तें ह्याच स्वरूपाचें आहे. मामंजींचा श्वास रात्रीं थांबतो तो भिंतीपलीकडून तिला ऐकूं येतो. यजमानांस सांगितलें तर ‘बाबांचें पहिल्यापासून असेंच आहे’ एवढेंच उत्तर मिळतें. आणि मामंजी तर रोज सकाळीं मोटारसायकल घेऊन शेताकडे जातात. ‘मी हें कोणत्या तोंडानें सांगूं ?’ असा तिचा प्रश्न आहे. आमचें उत्तर असें : प्रथम सासूबाईंस विश्वासांत घ्यावें, त्यांनाहि तें ठाऊक असण्याचा संभव शंभर हिश्शांनीं आहे, आणि कोणीतरी आधीं बोलावें एवढ्याचीच त्या वाट पाहत असतील. त्यांच्या अनुमतीनें हल्लींच्या मोबाईलवर पांच-दहा मिनिटांचा आवाज उतरून घ्यावा आणि कितव्या सेकंदास थांबला व कितव्यास सुरू झाला हें टिपून ठेवावें. मग तें टिपण मामंजींच्या नव्हे, मुलाच्या हातीं द्यावें, आणि वडिलांस रक्तदाबाच्या निमित्तानें डॉक्टरांकडे नेण्याचें काम त्यानें करावें. ह्यांत मर्यादाभंग कोठेंच होत नाहीं. वडिलांच्या जिवाची काळजी हीच वडिलांची खरी मर्यादा आहे.

हा रोग विरळा आहे अशीहि समजूत नसावी. मुंबईस डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी ह्यांनीं ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध केले. नेहमींच्या आरोग्यतपासणीसाठीं आलेल्या ६५८ पुरुषांस प्रश्न विचारले आणि २५० जणांची झोंप त्यांच्या घरींच यंत्रानें नोंदविली. झोपेंत श्वास अडण्याचा दोष शेंकडा १९.५ जणांत असावा, आणि त्याबरोबर दिवसां पेंगण्याचें लक्षणहि असलेले शेंकडा ७.५ असावेत, असा त्यांचा अंदाज निघाला. हीं माणसें रोगी म्हणून आलेलीं नव्हतीं हें ध्यानांत घ्यावें. पुढें १५ फेब्रुवारी २०२२ च्या रात्रीं संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईस वयाच्या ६९ व्या वर्षीं निवर्तले, तेव्हां डॉक्टरांनीं ह्या व्याधीचें नांव घेतलें आणि तें एका दिवसांत घरोघर पोंचलें. त्यांस इतरहि विकार होते. तेव्हां त्या वार्तेनें घाबरून जाण्याचें कारण नाहीं. पण हा रोग वर्षानुवर्षें राहिला तर रक्तदाब चढा ठेवतो, हृदयाची लय बिघडवितो, पक्षाघाताचा संभव वाढवितो, हें मात्र निश्चित आहे. दोन-तीन औषधें घेऊनहि रक्तदाब हटत नसेल तर घशाकडे संशयानें पाहावें.

हा संशय केवळ लठ्ठ पुरुषांवरच घ्यावा असें नाहीं. लठ्ठपणा, विशेषतः जाड आंखूड मान, हें मोठें कारण खरें. परंतु हनुवटी मागें असलेल्या सडपातळ माणसांसहि हा रोग होतो. स्त्रियांच्या बाबतींत तो अधिकच लपून राहतो. ऋतुनिवृत्तीनंतर त्यांच्यांत त्याचें प्रमाण वाढतें. पण त्या घोरण्याची तक्रार घेऊन येत नाहींत, थकवा, डोकेदुखी वा झोंप न लागणें एवढेंच सांगतात, आणि त्यांच्या घोरण्याचा उच्चार घरांत कोणी करीत नाहीं, कारण बाईनें घोरणें हें आपल्याकडे लाजेचें समजतात. सगळ्यांच्या आधीं उठून सगळ्यांच्या मागून निजणाऱ्या बाईचा शीण कोणासहि नवा वाटत नाहीं, हें त्याहून मोठें कारण.

लहान मुलांविषयीं एक शिक्षक म्हणून सांगतों. तोंड उघडें टाकून झोपणारें, घोरणारें, क्वचित् अंथरूण ओलें करणारें आणि वर्गांत एकतर पेंगणारें नाहींतर क्षणभरहि स्थिर न बसणारें मूल दिसलें, तर त्यास मठ्ठ वा द्वाड ठरविण्यापूर्वीं त्याच्या घशांतील गांठी व नाकामागची वाढ डॉक्टरांस दाखवावी. ह्या वाढलेल्या गांठींमुळें मुलांचाहि श्वास झोपेंत अडतो, आणि बहुतेकांस त्या काढल्यानें गुण येतो.

आणि मोटार हांकणाऱ्यांविषयीं तर अधिक सांगावयास नको. सोलापूर–धुळें महामार्ग तुळजापूर-धाराशिववरून आणि पुणें–हैदराबाद महामार्ग नळदुर्ग-उमरग्यावरून आमच्या जिल्ह्यांतून जातो. पहाटे तीन-चारच्या सुमारास त्या रस्त्यानें गाडी नेणारा माणूस जर आधल्या सबंध रात्रीं शेंकडों वेळां झोपेंतून उचकला असेल, तर त्याच्या एका डुलकीची किंमत गाडींतील सगळ्यांनीं मोजावयाची. घरांतील ज्यास दिवसां आवरेनाशी झोंप येते, त्याच्या हातीं तपासणी होईतों चाक देऊं नये. ह्या बाबतींत भीड उपयोगाची नाहीं.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीं घरीं करण्याजोगी एक सोपी चाचणी आहे. मेलबर्न येथील डॉ. जॉन्स ह्यांनीं ती १९९१ सालीं तयार केली. वाचीत बसलां असतां, दूरदर्शन पाहतांना, सभेंत नुसतें बसून राहिलां असतां, तासभर गाडींत प्रवासी म्हणून बसलां असतां, दुपारीं आडवें झालां असतां, कोणाशीं बोलत असतां, जेवणानंतर स्वस्थ बसलां असतां, आणि रहदारींत थांबलेल्या गाडींत, अशा आठ प्रसंगीं डोळा लागण्याचा संभव किती, ह्यास शून्यापासून तीनपर्यंत गुण द्यावयाचे. एकूण २४ पैकीं बेरीज दहाच्या पुढें गेली तर झोंप प्रमाणाबाहेर समजावी. हे गुण रोग्यानें एकट्यानें देऊं नयेत. शेजारीं घरचें माणूस बसवावें. आपण सभेंत झोपत नाहीं असें प्रत्येकास प्रामाणिकपणें वाटत असतें.

पुढची तपासणी म्हणजे एक रात्र यंत्रासह झोपणें. नाकाशीं एक नळी, छातीस पट्टा आणि बोटास चिमटा लावून श्वास व प्राणवायु नोंदणारें छोटें यंत्र कित्येकदां घरीं नेण्यासहि मिळतें. रुग्णालयांत केल्यास मेंदूच्या लहरी, डोळ्यांची व पायांची हालचाल हेंहि टिपतात. वेदना कोणतीच नाहीं. आमच्या जिल्ह्यास अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय लाभलें आहे. सोलापूर, लातूर व अंबाजोगाई येथें तें पूर्वींपासून आहे. छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांस विचारलें म्हणजे जवळ कोठें सोय आहे तें कळतें.

आतां उपाय. मध्यम व तीव्र रोगांत मुख्य उपाय ‘सीपॅप’ नांवाचें यंत्र हा होय. १९८१ सालीं ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें कॉलिन सलिव्हन ह्यांनीं पांच रोग्यांवरील पहिला अनुभव प्रसिद्ध केला. त्यापूर्वीं तीव्र रोग्यांच्या गळ्यास छिद्र पाडण्यावांचून गत्यंतर नसे. हें यंत्र नाकावरच्या मुखवट्यांतून हलक्या दाबानें हवा सोडीत राहतें, आणि तो हवेचा दाबच घशाची वाट मिटूं देत नाहीं. आंत औषध नाहीं, कृत्रिम श्वास नाहीं. मिटूं पाहणाऱ्या दारास वाऱ्याची पाचर, एवढेंच. त्याची किंमत बहुधा पांच आंकडी असते, आरंभीं मुखवटा नकोसा वाटतो, आणि ‘ह्या वयांत नाकाला नळी लावून का निजायचें’ हा संकोच तर असतोच. डोळ्यांस चष्मा व तोंडांत कवळी आपण बिनतक्रार लावतों. मग हा संकोच कां, ह्याचा विचार करावा. सौम्य रोगांत वजन उतरविणें, उताणें न निजतां कुशीवर निजणें, दंतवैद्याकडून खालचा जबडा पुढें धरणारी कवळी करून घेणें, ह्यांनींहि भागतें. उताणें वळूं नये म्हणून बंडीच्या पाठीस चेंडू शिवण्याची युक्ति डॉक्टरच सांगतात, आणि ती घरच्या सुई-दोऱ्यानें होते.

आपल्या देवघराशीं संबंध असलेला एक प्रयोग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जयपूरच्या डॉक्टरांनीं ३० रोग्यांपैकीं कांहींस सहा महिने नियमानें शंख फुंकावयास लाविलें व बाकीच्यांस दीर्घश्वसन करविलें; त्याचा वृत्तांत २०२५ सालीं प्रसिद्ध झाला. शंख फुंकणाऱ्यांची दिवसांची झोंप सुमारें एकतृतीयांशानें उतरली आणि रात्रीं श्वास अडणें तासांमागें चार-पांचांनीं कमी झालें. घशाचे स्नायु बळकट होत असावेत असा त्यांचा तर्क आहे. प्रयोग लहान आहे, म्हणून शंखावर विसंबून तपासणी टाळूं नये; पण ज्यांच्या घरीं शंख आहे आणि हृदयाची वा डोळ्यांची आडकाठी नाहीं, त्यांनीं डॉक्टरांस विचारून तो वाजवावयास हरकत दिसत नाहीं. शेजारी तक्रार करतील. पण घोरण्यापेक्षां शंख बरा.

दोन गोष्टी मात्र करूंच नयेत. थकवा आहे, झोंप पुरत नाहीं, म्हणून कोणी सांगितलेली झोपेची गोळी परस्पर घेऊं नये. तिनें घसा अधिक सैल पडतो आणि जागें करणारा मेंदूहि सुस्तावतो. मद्याचेंहि तसेंच. दुसरी गोष्ट, मोतीबिंदूची असो कीं हर्नियाची असो, कोणतीहि शस्त्रक्रिया ठरली तर ‘झोपेंत ह्यांचा श्वास अडतो’ हें भूल देणाऱ्या डॉक्टरांस घरच्यांनीं आपण होऊन सांगावें. त्यांनीं विचारण्याची वाट पाहूं नये.

सारांश, ह्या व्याधींत औषधापूर्वीं शब्दाची गरज आहे. जो झोपला आहे त्यास कांहींच ठाऊक नाहीं, आणि ज्यास ठाऊक आहे तो विनयानें गप्प आहे, अशी कितीतरी घरें आज ह्या महाराष्ट्रांत असतील. आमच्या वाचकभगिनींस आमची विनंति आहे कीं अंधारांत मोजलेले आंकडे त्यांनीं उजेडांत सांगावे. आणि वडीलधाऱ्या वाचकांस विनंति आहे कीं उद्यां सकाळीं चहाच्या वेळीं, थट्टेवारी सुरू होण्यापूर्वीं, त्यांनीं आपण होऊन एवढेंच विचारावें, ‘रात्रीं माझा श्वास थांबतो काय? आणि त्यापायीं तुम्ही जागतां काय ?’ वडिलांनींच विचारलें म्हणजे सांगणाऱ्यास अविनयाचें भय उरत नाहीं.